लाल कॅलिपर नसलेली गाडी

तुम्ही माझ्यात बसून गेला असाल. तुम्ही नाही, तर तुमचा मेव्हणा तरी नक्की बसला असेल. जालना रोडवरच्या शोरूमबाहेर, चार्जरची वायर लावून उभी असायची ती पांढरी गाडी मीच. दोन्ही दारांवर मोठ्या निळ्या अक्षरांत 'टेस्ट ड्राइव्ह' लिहिलेली. आजवर सगळ्यांनी माझ्यात बसून आपापलं बोलून घेतलं. आज मी बोलते. बसा, आणि दार जरा हळू लावा.

मी विजेवर चालणारी, वेगासाठी बनवलेली गाडी आहे. आम्ही तीन प्रकारांत येतो. खालचा 'सिटी', मधला 'टूरिंग' आणि वरचा 'ट्रॅक'. मी मधली. मला हवेवर तोललेलं सस्पेन्शन आहे. एक बटण दाबलं की मी मऊ होते, दुसरं दाबलं की ताठ. सीटा रुंद, टायर जाड. 'ट्रॅक'वालीला मात्र कडक स्प्रिंगा, जमिनीला टेकेल इतकी कमी उंची, पापडासारखे पातळ टायर आणि माणसाला दोन्ही बाजूंनी आवळून धरणाऱ्या सीटा. शिवाय चाकाच्या जाळीतून दिसणारे लालभडक ब्रेक, त्यांना कॅलिपर म्हणतात. माझे कॅलिपर साधे, राखाडी. 'ट्रॅक' असते शर्यतीच्या रस्त्यासाठी. तसला रस्ता बघायला इथून बरंच लांब जावं लागतं, पण हे सांगणं आमच्या सेल्समनच्या कामात बसत नाही.

कारखान्यात माझ्या पुढच्या-मागच्या गाड्या कुणाच्या ना कुणाच्या नावाने निघाल्या होत्या. माझ्या कागदावर नाव नव्हतं, नुसतं 'डेमो' लिहिलं होतं. त्याचा अर्थ इथं आल्यावर कळला. डेमो म्हणजे सगळ्यांनी चालवायची, कुणीही न घ्यायची.

माणसं मी इथं पाहिली, आणि मनातून पार उतरली. आल्या आल्या बॉनेट उघडायला लावतात. आत इंजिन नसतं. तरी वाकून बघतात आणि समजल्यासारखी मान हलवतात. मग विचारतात, "किती देती?" पेट्रोलच नाही तर काय देणार, कपाळ? मग विचारतात, शून्यावरून शंभरावर किती सेकंदांत जाते. ज्याला आकाशवाणी चौकाचा सिग्नल एका दमात सुटत नाही त्याला सेकंदांची घाई. एकाने तर गाडीचा आवाजच येत नाही म्हणून नाक मुरडलं. "आपण आलो हे लोकांना कळणार कसं?" म्हणाला. त्याचीही सोय 'ट्रॅक'मध्ये आहे. स्पीकरमधून इंजिनाचा खोटा आवाज निघतो. त्या आवाजासाठी वेगळे पैसे भरणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तेव्हापासून कशाचंच आश्चर्य वाटत नाही.

आमचा सेल्समन मिहिर. पोरगा गोड बोलणारा, इस्त्रीचा शर्ट, ओठावर कायम 'नक्कीच सर'. गिऱ्हाइकाला काय हवं ते तो ओळखायचा नाही, गिऱ्हाइकाला काय हवंसं दाखवायचंय ते ओळखायचा. त्याच्या धंद्यात हुशारी म्हणतात ती एवढीच.

गेल्या वर्षी दसऱ्याआधी ऋतुराज आला. फुलंब्री रोडला त्याचं मोठं मंगल कार्यालय आहे, हर्सूलला बंगला. गॉगल डोक्यावर, दोन फोन हातात. पण त्याच्याबरोबर आई-वडील होते, म्हणून मी जरा बरं मत करून घेतलं. वडील कारभारी, पांढरी टोपी, बोलणं कमी. आई लक्ष्मीबाई. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, कमरेला पट्टा, हातात उशी. घरच्या मोठ्या जीपमध्ये बसलं की प्रत्येक खड्डा थेट पाठीत. त्यामुळे ऑपरेशनपासून त्या दवाखाना सोडून कुठंच गेल्या नव्हत्या.

त्यांना जायचं होतं ते एकाच ठिकाणी, खुलताबादला. तिथं त्यांची थोरली बहीण साळूबाई. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती येऊ शकत नव्हती. आणि कानाने इतकी कमी ऐकायची की फोनचाही उपयोग नव्हता. कानाशी तोंड नेऊन बोललं तरच तिला कळायचं. एका तालुक्याच्या अंतरावर राहून दोघी बहिणींनी दोन वर्षांत एकमेकींशी शब्द बोललेला नव्हता.

हे सगळं ऋतुराजनेच मिहिरला सांगितलं. "गाडी आईसाठी घ्यायचीय. बाकी काय नाय."

ऐकायला छान वाटलं. मीसुद्धा फसले.

लक्ष्मीबाई मागे बसल्या. ऋतुराजने मला केंब्रिज चौकापर्यंत आणि तिथून पुढे करमाडच्या अंगाला नेलं. मिहिरने बटण दाबून मला मऊ केलं. रस्ता कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. पण मी खड्डा पोटात घेतला आणि मागे पोचू दिला नाही. गतिरोधक आला की लक्ष्मीबाई डोळे मिटून पुढच्या सीटला घट्ट धरायच्या. दोनतीन गतिरोधकांनंतर त्यांनी हात सोडला.

"आरं, हिसका बसतच नाय," त्या म्हणाल्या. "व्हय हो, तुम्हाला बसला का?"

"नाय," कारभारी म्हणाले.

"ऋतू, हिच्यात मला अक्काकडं नेशील?"

"आई, पहिली चक्करच खुलताबादची. मावशीच्या दारात गाडी लावतो, बघ तू."

परतताना त्यांना झोप लागली. उशी मांडीवरून घसरून खाली पडली तरी जाग आली नाही. शोरूमला आल्यावर ऋतुराज उठवायला निघाला, तर कारभारींनी हात आडवा केला. "झोपू दे तिला. दोन वर्षांनी अशी झोपलीय." ते तिच्याजवळ बसून राहिले आणि ऋतुराज एकटा आत गेला. आत त्याचे चार मित्र येऊन बसले होते.

आता या मित्रांचं ऐका. पाच जणांनी मिळून गाड्या घ्यायचं ठरवलं होतं. दसऱ्याच्या दिवशी पाचही एकसारख्या गाड्या, एका रांगेत, खुलताबादच्या भद्रा मारुतीला न्यायच्या. नवी गाडी आधी मारुतीला, ही इकडची रीत. ती चांगलीच आहे, देवाबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते 'एकसारख्या' या शब्दाबद्दल. ही कल्पना सर्जेरावची. त्याचं खडी क्रशर आहे, आणि पाचांत शब्द त्याचा चालतो.

गंमत अशी की त्याआधीच्या आठवड्यात पाचांतले चौघं एकेकटे, चोरून, माझ्यात बसून गेले होते. सर्जेराव पहिला. "मिहिर, माझ्या मणक्यात गॅप हाय. मधली घेतली तर चालंल ना? पण ऋतुराजला बोलू नको." दुसऱ्याची बायको गरोदर होती. तिसऱ्याचं दुकान औरंगपुऱ्यात, त्याच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचा उंचवटा, तिथं 'ट्रॅक'चं पोट घासणार हे त्याला दिसत होतं. चौथा तर म्हणाला, "मला त्या सीटमध्ये बसताच येईना, पोट मधी येतंय." चौघांनाही मीच हवी होते. आणि चौघांनीही उतरताना तेच विचारलं, "बाकीच्यांनी कुठली घेतली?"

मिहिर म्हणायचा, "अजून फायनल नाही सर. पण चर्चा ट्रॅकचीच आहे."

"मग माझीपण ट्रॅकच लिही."

चौघांनी एकमेकांच्या धाकाने 'ट्रॅक' लिहिली. तोंड उघडलं असतं तर सगळे सुखात बसले असते. पण तोंड उघडायला लागते ती हिंमत, आणि ती कुठल्याच मॉडेलमध्ये मिळत नाही.

तर त्या दिवशी लक्ष्मीबाई माझ्या मागच्या सीटवर झोपलेल्या, आणि काचेपलीकडे पाच जण मोठ्या पडद्याभोवती उभे. पडद्यावर गाडी गोल फिरत होती. मिहिर बोट लावायचा, रंग बदलायचा. बोट लावायचा, चाकं मोठी व्हायची, टायर बारीक व्हायचे. दार उघडंच होतं, त्यामुळे बोलणं मला ऐकू येत होतं.

"रंग लाल. कॅलिपरपण लाल," सर्जेराव म्हणाला. "आणि तो आवाजवाला पॅक."

"भाऊ, सस्पेन्शनचं काय?" ऋतुराजने विचारलं. एवढं विचारलं हे मला मान्य आहे.

"ट्रॅकमध्ये फिक्स असतं सर, कडक. हँडलिंगसाठी," मिहिर म्हणाला. "मऊ हवं असेल तर टूरिंग घ्यावी लागेल."

चौघंही पडद्याकडे बघत राहिले, जसं काही टूरिंग हा शब्द त्यांनी आजच ऐकला. ऋतुराजने वळून माझ्याकडे पाहिलं. त्याला काचेतून आई दिसत होती. मी मनात म्हटलं, बोल. एक वाक्य बोल, बाकीचे चौघं तुझ्या गळ्यात पडतील.

सर्जेराव हसला. "काय भाऊ, मधली घेतो का काय? मग रांगेत मागं लावावं लागंल तुला."

ऋतुराजही हसला. "नक्को, नक्को. ट्रॅकच. उगं विचारलं."

मिहिर म्हणाला, "उत्तम निवड सर." बाहेर लक्ष्मीबाईंना जाग आली. त्यांनी कारभारींना विचारलं, "घेतली का ही?" कारभारी म्हणाले, "घेतली असंल."

दसरा आला. शोरूमसमोर पाच लाल गाड्या, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, आणि वरून मखमली पडदा ओढून काढायचा सोहळा. मलाही रांगेच्या मागे लावलं. मिहिर चालवायला आणि फोटोवाला सत्यम माझ्यात, रांगेचं शूटिंग करायला. म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

लक्ष्मीबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. साळूबाईसाठी पेढ्यांचा डबा घेतला होता. लाल गाडीजवळ येऊन त्या थबकल्या.

"ऋतू, ही ती नाय. ती पांढरी होती."

"आई, ही तिच्याहून भारी हाय. वरची."

त्या आवळणाऱ्या सीटमध्ये त्यांना बसवायला दोघांनी काखेत हात घातले. उशी मावेना म्हणून ती डिक्कीत टाकली. स्पीकरमधून खोटं इंजिन गुरगुरलं, माणसांनी टाळ्या वाजवल्या, पाच लाल आणि मागे मी पांढरी अशी वरात नगर नाक्याकडे निघाली.

छावणीतल्या पहिल्या गतिरोधकावरच पाचही गाड्या तिरक्या झाल्या. पोट घासू नये म्हणून तसंच जावं लागतं. एवढा वेग विकत घेतला आणि बैलगाडीला वाट देत चाललेत. मला हसू येत होतं. पण माझ्या अगदी पुढे ऋतुराजची गाडी होती, तिच्यात काय होत असेल ते आठवलं की हसू जायचं. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर. प्रत्येक गतिरोधकावर तिच्या मागच्या काचेतून एक हात छताकडे जाऊन काहीतरी धरायला शोधताना दिसत होता.

दौलताबादच्या अलीकडे, घाट लागायच्या आधी, ऋतुराजची लाल गाडी थांबली. रस्त्याकडेला सीताफळवाल्यांच्या टोपल्या होत्या. कारभारींनी बायकोला धरून उतरवलं आणि एका सीताफळवालीच्या बाजेवर बसवलं. लक्ष्मीबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. तरी त्यांनी मला ओळखलं.

"ऋतू, मला ह्या पांढरीत बसव. एवढा घाट चढला की अक्काचं घर."

मिहिर पटकन म्हणाला, "हो सर, काकूंना डेमोत घेऊ का? मागे जागा आहे." त्याच्या सगळ्या नोकरीतलं हे एकच धड वाक्य.

ऋतुराजने रांगेकडे पाहिलं. सर्जेराव काच खाली करून ओरडला, "भाऊ, ड्रोन वर गेलाय. लाइन तोडू नका!"

"डेमोत?" ऋतुराज हळू आवाजात म्हणाला. "नवी गाडी दारात असताना आई डेमोत? सगळं शूट होतंय. लोक काय म्हणतील, एवढी गाडी घेतली आणि आईलाच सोसंना?"

"नक्कीच सर," मिहिर म्हणाला, आणि परत माझ्यात येऊन बसला.

"आरं, लोकांचं जाऊ दे," कारभारी म्हणाले.

"पप्पा, जीप बोलावतो. आईला घरी न्या. पूजा झाली की मी आलोच. मावशीला भेटून येतो, सांगतो तिला."

मी स्वतःहून एक इंचही हलू शकत नाही. नाहीतर त्या दिवशी हलले असते, थेट त्या बाजेपर्यंत. मिहिरने मला चालवलं. मागच्या कॅमेऱ्यात मला बाजेवर बसलेल्या लक्ष्मीबाई दिसत राहिल्या, मांडीवर पेढ्यांचा डबा. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या, घाटाकडे बघत होत्या.

साळूबाईंचं घर खुलताबादच्या वेशीजवळ, रस्त्यालाच आहे. उंच जोतं, पायऱ्या. त्यांना निरोप गेला होता, त्यामुळे त्या सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. लाल गाड्या आल्या तेव्हा त्यांनी हात कपाळाला लावून एकेका काचेत डोकावून बघायचा प्रयत्न केला. ऋतुराजने रांग मोडली नाही. त्याने हॉर्न वाजवला, दोनदा.

ज्या बाईला ऐकू येत नाही तिच्यासाठी हॉर्न वाजवला. माणसांबद्दल माझं जे मत आहे ते इथं पक्कं झालं.

येताना थांबू म्हणाला होता. येताना जेवणाचं आमंत्रण निघालं आणि रांग दुसऱ्या रस्त्याने गेली.

पुढचे महिने माझे वाईट गेले. नवं मॉडेल आलं, नवी डेमो आली. मला चिकलठाण्याला वर्कशॉपच्या मागे नेऊन लावलं. अंगावर धूळ, टायरवर कुत्री. लाल गाड्या मात्र अधूनमधून दिसायच्या, पोट घासलं म्हणून, चाकाची रिम वाकली म्हणून. सर्जेराव एकदा कमरेला पट्टा बांधून आला आणि काउंटरवर म्हणाला, "गाडी बेस्ट हाय. जरा रस्ते खराब हायेत." आता शहराने रस्ते बदलायचे, याने मॉडेल नाही.

मग एका दुपारी वर्कशॉपच्या फाटकात जीप थांबली. कारभारी उतरले, मागून लक्ष्मीबाई, एकेक पाऊल टाकत. बरोबर मिहिर होता, घाम पुसत.

"काकू, नवीन टूरिंग आहे ना, पुढच्या महिन्यात देतो..."

"मला नवीन नको. मला झोप लागली ती पाहिजे."

"ती वापरलेली आहे काकू. शेकडो लोकांनी चालवलीय. दारावर स्टिकर आहे."

"मग मी काय कोरी हाय का?" लक्ष्मीबाई म्हणाल्या.

कारभारी एवढं मोठ्याने हसलेले मी पहिल्यांदाच ऐकले. त्यांनी त्याच दुपारी सगळे कागद उरकले. गाडी लक्ष्मीबाईंच्या नावावर झाली. मिहिरने सवयीने 'उत्तम निवड' म्हटलं. या वेळी ते खरं होतं, पण त्याला फरक कळला असेल असं वाटत नाही.

अक्काकडे जायचा वार ठरला गुरुवार, आणि हा पहिला. कारभारींनी मला चालवलं, जन्मभर ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाच्या वेगाने. मागून आम्हाला हॉर्न मारत लोक पुढे जात होते, जाऊ देत. छावणीचे गतिरोधक मी पोटात घेतले. शरणापूर मागे पडलं, सीताफळवाल्यांची जागा मागे पडली, घाट चढले. लक्ष्मीबाई झोपल्या नाहीत. सारख्या पुढे वाकून बघत होत्या.

वेशीजवळ थांबलो, तर नवी अडचण. यांना पायऱ्या चढता येईनात, त्यांना उतरता येईना. मग साळूबाईंच्या पुतण्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं आणि मागच्या सीटवर लक्ष्मीबाईंच्या शेजारी बसवलं. कारभारी बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांनी दार इतकं हळू लावलं की मला कळलंही नाही.

साळूबाईंनी बहिणीच्या गालावरून, मानेवरून, कमरेच्या पट्ट्यावरून हात फिरवला. लक्ष्मीबाई रडत होत्या. मग त्यांनी अक्काच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलायला लागल्या. दोन वर्षांचं सगळं, ऑपरेशन, सून, कुणाचं लग्न, कुणाचं बाळ. साळूबाई मान हलवत होत्या आणि मधेच म्हणत होत्या, "व्हय गं लक्षे, व्हय." मी एसी अगदी बारीक केला, कारण त्याच्या आवाजात त्यांचं एखादं अक्षर गेलं असतं.

शेवटी साळूबाईंनी सीट चाचपून पाहिली. "लई मऊ हाय. कुणाची गं गाडी?"

लक्ष्मीबाई तिच्या कानात म्हणाल्या, "माझी."

तिला ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने म्हणाल्या. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. आजवर शेकडो हातांनी माझं स्टिअरिंग धरलं, पण हा शब्द माझ्याबद्दल कुणी उच्चारला नव्हता. मला गलबलून आलं. सांगायला लाज नाही वाटत.

आता मी हर्सूलच्या बंगल्यात पोर्चमध्ये उभी असते. 'टेस्ट ड्राइव्ह'चं स्टिकर काढलं, पण उन्हाने अक्षरांचा ठसा दारावर राहिलाय. ऋतुराजला त्याची लाज वाटते, पाहुणे आले की तो मला बंगल्याच्या मागे नेऊन लावतो. शेजारी त्याची लाल कव्हरखाली असते. लग्नाच्या मुहूर्ताला निघते, गुरगुरते आणि परत येते. आणि फुलंब्रीला शेतावर जायचं असलं, पाठ दुखत असली, की हा वाघ आईकडे माझी किल्ली मागतो.

तेव्हा एवढंच सांगते. गाडी घ्यायला जाल तेव्हा पडद्यासमोर मित्रांना उभं करू नका. मागच्या सीटवर जो बसणार आहे त्याला न्या, आणि त्याला झोप लागली तर मॉडेल ठरलं म्हणून समजा. तुम्ही ऐकणार नाही, मला माहीत आहे. तुम्हाला लाल कॅलिपर पाहिजेत.

जाते आता. मघाशीच ऋतुराज येऊन विचारून गेला, "आई, आज पांढरी नेऊ का? सर्जेरावबरोबर कामाला जायचंय, रस्ता खराब हाय." लक्ष्मीबाई पायरीवर उशी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वरही केली नाही.

"आज गुरुवार हाय," म्हणाल्या. "अक्का दारात येऊन बसली असंल."